चिखलाची पाटी

म्हादबा सुतार पाटी हातात घेतली की आधी ती कानाशी धरायचे आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायचे. खणखणीत वाजली तर म्हणायचे, "जित्ती हाय." बद्द वाजली की कुठेतरी लपलेली बारीक चीर शोधून काढायचे. शाळेतल्या फुटक्या पाट्या त्यांच्याकडेच जायच्या. मोडकी बाजू घासून, चौकट लहान करून थोरल्याची पाटी ते धाकट्याजोगी करून द्यायचे. उरलेल्या कपच्यांवर पटाशीला धार लावायचे. "टाकाया काय हाय तिच्यात?" हे त्यांचं पालुपद.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. पौडच्या अलीकडच्या एका खेड्यात मी नवा मास्तर होतो. नुकताच शिकून बाहेर पडलेला, त्यामुळे शिंगं फुटलेली.

एकदा चौथीला खडकांचा धडा चालला होता. मी खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवलं आणि ठोकून दिलं, "हा काळा कातळ ज्वालामुखीच्या रसाचा. तुमच्या पाट्याही त्याच्याच." पुस्तकात तसं कुठेही नव्हतं. काळा दगड म्हणजे आपलाच दगड, एवढंच माझं शास्त्र!

दुरुस्त केलेल्या पाट्या घेऊन म्हादबा नेमके दारात उभे होते. ते म्हणाले, "गुर्जी, ह्यो आपला दगड न्हाई. तरणेपणी मी दक्षिणंत पाट्यांच्या खाणीवर पेट्या ठोकायला हुतो. तितली लोकं सांगायची, ह्यो पाण्याच्या तळाचा चिखल हाय. थरावर थर बसला, वरनं लई भार आला, आतनं धग लागली, तवा त्याचा असा दगड झाला." त्यांनी खिशातून एक जाड कपची काढली, तिच्या कडेला पटाशी लावून हलकेच ठोकलं. पापुद्रा सुटावा तशी तिची दोन सपाट पानं झाली. "आपला कातळ असा सुटंल का? त्यो फुटंल वाटंल तसा. साहेबाच्या मुलखात ह्याच पानांनी घरं शाकारत्यात म्हनं."

चाळीस पोरं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मला पटलं होतं. त्याच क्षणी पटलं होतं, याचीच आज लाज वाटते. पण तोंडातून निघालं ते असं: "म्हादबा, चिखलाची पाटी असती तर पोरांच्या थुंकीने विरघळली नसती का? तुम्ही आपलं लाकूड बघा, दगडाचं मी बघतो."

वर्ग खो खो हसला. म्हादबांनी पाट्या टेबलावर नीट रचून ठेवल्या आणि ते गेले.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेलो, तेव्हा वाचनालयातलं खडकांवरचं जाडजूड पुस्तक काढून पाहिलं. चिखल, थर, भार, धग. म्हादबांचा शब्द न् शब्द खरा होता. परतल्यावर त्यांच्या छपरीत गेलो. ते एकटेच होते, हे बघूनच गेलो.

"म्हादबा, तुमचं बरोबर होतं."

रंधा न थांबवता ते म्हणाले, "मला ठाव हाय, गुर्जी. मला कशाला सांगताय? पोरांस्नी सांगा. त्यांच्या म्होरं झालं, त्यांच्या म्होरंच सांगा."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

रोज सांगायचं म्हणून फळ्यापुढे उभा राहायचो आणि रोज दुसराच धडा काढायचो. परीक्षा झाली, ती पोरं शाळा सोडून गेली. पुढच्या वर्गाला मी बरोबर शिकवलं, पण म्हादबांचं नाव घेतलं नाही. ते पाट्या आणून देत राहिले, मात्र पुन्हा वर्गाच्या दारात आले नाहीत. पडवीत ठेवून जायचे. दोन वर्षांनी ते वारले. मी खांदा दिला. तेवढं मला सोपं होतं.

बऱ्याच वर्षांनी पौडच्या एस.टी. स्टँडवर त्या वर्गातला बबन भेटला. वाकून पाया पडला. आता तोही मास्तर झाला होता.

"गुर्जी, तुमी खिडकीतनं डोंगर दावून पाटीचा दगड शिकवलावता. मी बी पोरांस्नी तसंच शिकवतो," तो म्हणाला. "आन् आठवतंय का, त्यो म्हादबा सुतार? चिखलाची पाटी म्हनं! लई हसलो हुतो आमी."

आठवणीने बबनला पुन्हा हसू फुटलं. डोळे पुसत तो माझ्याकडे बघू लागला.

मीही हसलो.