तामाए कुदोचा पाळीबाहेरचा प्रश्न

तामाए,
तुझ्याविषयी चार लोकांत लिहिलेलं तुला खपत नाही, ठाऊक आहे. चिडायचं तर चीड. मी तुझ्याहून जास्त चिडलेली आहे, म्हणून लिहिते.

जपानातल्या हाचिनोहे बंदराच्या एका छोट्या वर्तमानपत्रात तामाए कुदो आधी मासळीबाजारातले म्हाकुळाचे भाव लिहायची. एका हिवाळ्यात संपादकांनी तिला फिगर स्केटिंगच्या स्पर्धेला धाडलं, त्याला एकतीस वर्षं झाली. उड्यांची नावं तिला अजून धड ओळखता येत नाहीत. माणसं मात्र बरोबर ओळखते.

स्पर्धेनंतर पहिल्या तिघींची पत्रकार परिषद होते. तिथली रीत अशी की त्या महिन्यात ज्या वर्तमानपत्राची पाळी असेल, त्याच्याच बातमीदाराने प्रश्न विचारायचे, तेही आयोजकांना आधी दाखवून. आज कसं वाटतंय? घरी जाऊन काय खाणार? मुली म्हणणार, "सर्वांच्या पाठिंब्यामुळे." अकरा मिनिटांत कारभार आटोपतो. निम्मे बातमीदार उत्तरं आधीच लिहून आणतात.

"मग जातेस कशाला तिथे?" असं मी विचारलं की तामाए उसळते. "बर्फावरचं हसू शिकवलेलं असतं गं! पंच गुण देतात, सर बोलतात, संघटना पत्रक काढते. पोरींना स्वतःच्या तोंडाने बोलायला त्या तीन खुर्च्या तेवढ्या आहेत. आणि तिथे यांना पडलंय जेवणाचं!"

गेल्या नोव्हेंबरातल्या प्रादेशिक स्पर्धेत सोळा वर्षांची कोहारु तोगाशी तिसरी आली. पदक घेऊन ती मागच्या जिन्याने उतरत होती, कठडा धरून, आडव्या पावलांनी, एकेक पायरी. खाली तामाए दिसताच ताठ झाली आणि हसली. महिन्याने राष्ट्रीय स्पर्धा. त्याच पायावर हिला पुन्हा नाचवणार, हे तामाएला लख्ख दिसलं.

परिषदेत पाळी दुसऱ्या वर्तमानपत्राच्या ओनोदेराची. त्याचं जेवणाचं विचारून झालं. सूत्रसंचालक आभार मानायला लागला, तशी तामाए उभी राहिली.

"कोहारु, जिना उतरताना उजवा पाय का टेकत नव्हतीस?"

"कुदोबाई, पाळी माझी आहे," ओनोदेरा म्हणाला.

"पाळी तुझी, पाय तिचा. बस खाली."

"कृपया स्पर्धेबद्दल विचारा," सूत्रसंचालक म्हणाला.

"मग ती काय हातांवर स्केटिंग करून आली?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. भिंतीशी उभ्या असलेल्या शिओझाकी सरांनी, म्हणजे कोहारुच्या प्रशिक्षकांनी, मुलीकडे बघून हळूच मान हलवली. बोलू नकोस. तिने ते पाहिलं. मग माइक दोन्ही हातांनी धरला.

"दुखतंय. तीन आठवडे झाले. सरांना सांगितलं होतं."

तयार उत्तरांची पानं टराटरा फाटली.

तपासणीत हाडाला चीर निघाली आणि राष्ट्रीय स्पर्धेतून कोहारुचं नाव मागे घेतलं गेलं. शिओझाकी म्हणाले, मुलीने आपल्याला कधी कळवलंच नाही. खोटारडा मेला! बावीस जणांनी तिचं वाक्य टिपून घेतलं होतं, म्हणून हे पचलं नाही. बंद खोलीत बोलली असती तर पोरगीच खोटी ठरली असती. आणि शिक्षा कोणाला? तामाएला! पाळी मोडली म्हणून आयोजकांनी तिचं प्रवेशपत्र काढून घेतलं. परत हवं तर स्वहस्ते लिहिलेलं माफीपत्र द्या, दहा तारखेच्या आत.

"चार ओळी खरडून टाका, ताई," ओनोदेरा म्हणाला. "आम्ही सगळेच कधी ना कधी देतो."

तामाए, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून ते काम तू माझ्या गळ्यात घातलंस. "बत्तीस वर्षं शाळेत सुलेखन शिकवलंस ना, मग लिही माझ्या नावाने. नाक घासावं लागलं तरी चालेल, मला पुढच्या मुलींसमोर बसायचंय." मी हो म्हणाले. शाई उगाळली, तुझं नाव लिहिलं, "माझ्या हातून घडलेल्या" इथपर्यंत आले, आणि पुढे "चुकीबद्दल" म्हणून लिहायला हात उचलेना.

आज तेरा तारीख. कागद अजून माझ्याच टेबलावर आहे, तिथपर्यंतच लिहिलेला. तू फोन केला नाहीस, मीही नाही.