कौल लावून घेतलेली बाटली

चहा घेता घेता ऐका, पण घोट जरा जपून घ्या. मागच्या खेपेला हे सांगत होते तेव्हा माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता.

तर मी उपासतापासाची बाई. सोमवार, गुरुवार, संकष्टी, काही सुटत नाही. आमचे हे म्हणतात, "तुझ्या कॅलेंडरात जेवायचे दिवस लाल शाईने छापायला पाहिजेत." म्हणू देत बापडे! देवीला हात जोडल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही. आणि त्याच जोडलेल्या हातांनी मी आमच्या पिकअपचं जे करून ठेवलं ना, ते शत्रूसुद्धा करणार नाही.

आम्ही कशेळीचे. डिझेलवरची एक पिकअप आहे, हेच चालवतात. निजामपुऱ्यातल्या लूमवरून, म्हणजे यंत्रमागांवरून, कापडाचे तागे उचलायचे आणि सांगतील त्या गोदामात पोचवायचे. गेल्या जानेवारीत मानकोलीच्या एका मोठ्या गोदामाचं रोजचं काम मिळायचा योग आला. रोजचं बरं का! म्हणजे सकाळी उठून 'आज कुणाचा फोन येतोय' म्हणून मोबाइलकडे डोळे लावून बसणं संपलं. अट एकच. गाडी गोदामाच्या आत न्यायची, आणि आत सगळीकडे पांढरं कापड. गाडीने धूर सोडला तर पुन्हा दारात यायचं नाही. सोमवारी सकाळी अकराच्या आत एक खेप करून दाखवायची, मग काम पक्कं.

आणि आमची पिकअप? अहो, ती चालू झाली की गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावायच्या! एवढा काळा धूर. चढ आला की म्हाताऱ्यासारखी खोकायची.

हे गेले उस्तादकडे. उस्ताद म्हणजे आमचे मेकॅनिक. लांबूनच गाडीचा आवाज ऐकतात आणि खुर्चीवर बसल्या बसल्या दुखणं सांगतात. उठत नाहीत. त्या दिवशीही उठले नाहीत.

"डीज़ल में दवा डालो," उस्ताद म्हणाले. "तीन तरह की आती है. एक नोज़ल साफ़ करती है, एक डीज़ल को अच्छे से जलाती है, और एक डीज़ल में पानी मिला हो तो उसको हटाती है. कोई एक चुन लो. तीनों साथ में मत डालना, भाई. इंजन है, भेलपुरी नहीं!"

आता आली का पंचाईत? हे तिन्ही जातींची एकेक बाटली घेऊन घरी आले आणि ओट्यावर मांडून त्यांच्याकडे बघत बसले. मुलीला स्थळं बघताना माझ्या वडिलांनी एवढा विचार केला नव्हता. शेजारचा दिलीप आला. त्याचीही पिकअपच आहे.

"दादा, जाळणारी घे," दिलीप म्हणाला. "गाडी नुसती उडंल."

"मला गाडी चालवायची हाय, विमान न्हाय," हे म्हणाले. "मोबाइलवर व्हिडिओत एक माणूस सांगत होता, नोझलवाली घ्या."

"त्या माणसाची पिकअप हाय काय? त्याची तर स्कूटर होती मागं!"

असं दोन दिवस चाललं. मला काही राहवेना. मी म्हटलं, "अहो, भांडता कशाला? गावदेवीला कौल लावूया."

आमच्याकडची रीत अशी, की अडलेल्या गोष्टीला देवीला विचारायचं. ओली फुलं देवीच्या अंगाला चिकटवायची, मनात प्रश्न धरायचा आणि वाट बघायची. जे फूल आधी पडेल, ते देवीचं उत्तर. मी तीन फुलं लावली. झेंडू म्हणजे नोझल साफ करणारी, जास्वंद म्हणजे जाळणारी आणि तगर म्हणजे पाणी हटवणारी. हात जोडून म्हटलं, "आई, रोजचं काम मिळू दे. सव्वा किलो रव्याचा शिरा करीन. फक्त बाटली तेवढी तू सांग."

तगर पडली. देवीच्या उजव्या हाताकडून, टपकन!

"तगर?" हे देवळाबाहेर येऊन डोकं खाजवत म्हणाले. "अगो, आपण हायवेच्या पंपावर डिझेल भरतो. आपल्या डिझेलात पानी कुठनं येणार?"

"कौल मागितल्यावर उलट विचारायचं नसतं."

आमच्या सासूबाईंनी तर विषयच मिटवला. "देवी उगाच न्हाय बोलत. घे तीच."

झालं! पाणी हटवणाऱ्या औषधाचा खोकाच आला घरी. छोट्या छोट्या बाटल्या, टाकीभर डिझेलला एक.

आता इथून पुढे सगळं माझंच कर्तृत्व आहे, दुसऱ्या कुणाला बोल लावू नका.

रविवारी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्या वर्षी वाण म्हणून मी गुलाबपाणी लुटायचं ठरवलं होतं. निजामपुऱ्यातल्या अत्तरवाल्याकडून सुटं आणलं आणि छोट्या बाटल्यांत भरलं. दुसऱ्या दिवशी गाडीची परीक्षा, मग मला वाटलं, औषधाच्या बाटल्याही घरातल्या देवीपुढे ठेवू. चार सुवासिनींची पावलं घराला लागणार, तेवढाच आशीर्वाद.

पण त्या बाटल्यांवरचं चित्र बघितलंत का कधी? आगीचा लोळ, आणि शेजारी कवटी! सणासुदीला, सौभाग्याच्या दिवशी, देवीपुढे कवटी ठेवू? माझ्या हाताला धजेना. मी सगळ्या बाटल्या कोमट पाण्यात बुडवल्या, कागद खरवडून काढले आणि प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलं. अशा देखण्या दिसायला लागल्या म्हणता! अगदी गुलाबपाण्याच्या बाटल्यांसारख्या.

हो, अगदी तशाच.

मी काही इतकी वेंधळी नाही हं! चांगलं लक्षात ठेवून मांडलं होतं. औषध मानाचं, म्हणून देवीच्या उजव्या हाताला. गुलाबपाणी डाव्या हाताला. आमच्यात कौल बघताना उजवं-डावं देवीचं धरतात, तीच सवय. सकाळी देवीचं उजवं धरून मांडलं. आणि संध्याकाळी बायकांची ही गर्दी, तिळगूळ दे, कुंकू लाव, ओटी भर, त्या धांदलीत उचलताना मी उजवं-डावं धरलं माझं!

देवी माझ्यासमोर तोंड करून बसलेली. तिचं उजवं ते माझं डावं. कळलं ना काय झालं?

गल्लीतल्या झाडून सगळ्या सुवासिनी इंजिनचं औषध ओटीत घेऊन, "किती छान गो वाण!" म्हणत घरी गेल्या.

आणि सोमवारी सकाळी मी ह्यांच्या हातात गुलाबपाणी दिलं.

"एकच टाकायची," हे म्हणाले. "उस्तादनी सांगितलंय."

"शुभकार्याला एक कोण घालतं? पाच घाला."

"अगो, औषध हाय ते."

"देवीपुढचं आहे. काही होत नाही."

आमच्या ह्यांना जानेवारीत नाक नसतंच, सर्दीने बंद. नाहीतर झाकण उघडताच कळलं असतं. पाचही बाटल्या टाकीत रिकाम्या केल्या. मी गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. तागे भरलेली गाडी धूर सोडत, डुलत डुलत निघाली, आणि मी समाधानाने शिऱ्यासाठी रवा चाळायला बसले.

रवा चाळून व्हायच्या आत दिलीपची बायको कुंदा दारात. कमरेला पदर, हातात बाटली.

"वैनी, हे कसलं गो गुलाबपानी? मी देव पुसायला घेतलं, तर घरभर रॉकेलचा वास!"

"असं कसं होईल?"

"आमच्या सासूनं तर गुडघ्याला चोळलंन. म्हनते, गंज निघाल्यासारखं वाटतंय!"

मी बाटली नाकाला लावली. आणि काय सांगू, ते औषधच होतं! देवीकडे बघितलं. मग माझ्या उजव्या हाताकडे. मग डाव्या.

तेवढ्यात फोन वाजला. हे होते. "गाडी बंद पडली. मानकोलीच्या अलीकडं. उस्ताद येतायत."

"अहो, ऐका ना..."

"आता न्हाय, ठेव!"

मी मटकन खाली बसले. सासूबाई म्हणाल्या, "बसतेस काय? ऊठ! गाडीच्या पोटात पानी गेलंय, आनि पानी काढायचं औषध हिच्या हातात हाय. पळा दोघी!"

"पण आई, वाण दिलेलं परत घ्यायचं नसतं," मी म्हटलं. हो, त्या घडीलाही मला हेच सुचलं!

"तुला कोन घ्यायला सांगतंय? कुंदाचं वान कुंदा तिच्या हातानं गाडीत घालंल. तुझा हात लागू देऊ नको. लागला तेवढा पुरे झाला."

दिलीपने त्याची पिकअप काढली आणि आम्ही दोघी निघालो. वाटभर माझा जप चालला होता आणि कुंदाचं हसणं. दोन्ही थांबेनात.

पोचलो तर आमची गाडी रस्त्याच्या कडेला, बॉनेट वर, आणि उस्ताद चक्क उभे! मी त्यांना पहिल्यांदाच उभं बघत होते. डिझेलच्या फिल्टरच्या बुडाला एक स्क्रू असतो, पाणी साठलं तर सोडायला. उस्तादनी तो फिरवला. पाणी आलं, आणि सगळ्या हायवेवर गुलाबाचा घमघमाट सुटला. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून वास घेतला.

उस्तादनी आधी बोटाचा वास घेतला, मग ह्यांच्याकडे बघितलं. "भाई, टंकी में डीज़ल भरा है कि बारात?"

हे शिंकले. "मला काय वास येत न्हाय."

मग मी सांगितलं. सगळं. कवटीपासून उजव्या-डाव्यापर्यंत. दिलीप रस्त्याच्या कठड्याला धरून हसत होता. हे हसले नाहीत. घड्याळ बघितलं आणि एवढंच म्हणाले, "मंदे, काम गेलं गो."

तेव्हा मात्र मला खरंच रडू आलं. तोंडात तिळगूळ असूनही कडू लागावं तसं झालं.

"अरे भाभी, रोती क्यों हो?" उस्ताद म्हणाले. "पानी ऊपर इंजन तक गया नहीं होगा, बच जाएगी." त्यांनी टाकीच्या तळाचं डिझेल कॅनमध्ये काढलं, नवा फिल्टर घातला, दिलीपनं त्याच्याकडचं डिझेल ओतलं. मग कुंदाने पदर डोक्यावर घेतला, गाडीला नमस्कार केला आणि आपलं वाण टाकीत ओतलं. एकच बाटली! पाच नाही.

आता बॉनेट उघडलंच आहे, म्हणून उस्तादनी हवेचा फिल्टर बाहेर काढला. अगं बाई! फिल्टर कसला, ती तर उशी! लूमच्या गल्ल्यांतून फिरून फिरून त्यात कापसाचे बारीक तंतू एवढे दाटले होते, की फाडलं असतं तर सहज एक गादी भरली असती.

"ये देखो!" उस्ताद ओरडले. "साँस ही नहीं ले रही थी बेचारी! धुआँ इसी का है!"

"मग त्या तीन दवा?" ह्यांनी विचारलं.

उस्ताद खोकले. "दवा भी ज़रूरी है," असं काहीतरी पुटपुटले आणि ते तंतू झटकायला लागले. खुर्चीवरून उठायला लावलं ना मी त्यांना? हेही काही कमी नाही.

किल्ली फिरवली. गाडी एकदा खाकरली, दोनदा खाकरली, आणि अशी सुरू झाली, अशी सुरू झाली, की मला ओळखूच येईना! मागे धुराचा पत्ता नाही. मी कठड्यापाशी तिथेच हात जोडले.

अकराला थोडा वेळ असताना गाडी गोदामात शिरली. मॅनेजर गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, पांढरा रुमाल धरून! रुमाल पांढराच राहिला. त्याने तो नाकाशी नेला, पुन्हा नेला.

"धुआँ नहीं है, ठीक है," तो म्हणाला. "लेकिन ये खुशबू? कौन-सी दवा डालते हो आप लोग?"

हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "घर का बना हुआ है, साहब."

काम मिळालं! आजपर्यंत चालू आहे. सव्वा किलोचा शिरा केला, सगळ्या सुवासिनींना खऱ्या गुलाबपाण्याची एकेक बाटली पुन्हा वाटली. आणि गंमत ऐका, औषध कुणी टाकून दिलं नव्हतं. कुंदाच्या सासूने तर गुडघ्यासाठी आणखी एक मागितली. नाही दिली हो! त्यांना मलम आणून दिलं. उरलेल्या बाटल्या दिलीपच्या पिकअपला लागल्या. यंदा संक्रांत जवळ आली तसा तो मला विचारायला लागला, "वैनी, वान काय ठरलं? टाकी भरू का थांबू?"

शिऱ्याच्या दिवशी संध्याकाळी हे जिभेला शिऱ्याची चव येते का ते बघत ओट्यावर बसले होते. सर्दी उतरत आलेली. मध्येच थांबून म्हणाले, "आये, एक गोष्ट मला कळत न्हाय. आपल्या डिझेलात पानी नव्हतंच. मग देवीनं पानी हटवणारीच बाटली कशी काय दिली?"

सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवीनं कौल गाडीला बघून न्हाय दिला, बाबा. हिला बघून दिला."