वर बघा, वाचन चालू आहे

आमचे गजेंद्रसर वाईट माणूस नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा माझी जीभ सुटली की ती माझंसुद्धा ऐकत नाही.

मी रंभाबाई. सुरतेत भेस्तानच्या बाजूला एक मराठी माध्यमाची सरकारी प्राथमिक शाळा आहे, तिथे पहिलीच्या वर्गाला शिकवते. वडील रेल्वेच्या रूळ-दुरुस्तीच्या गँगमध्ये होते, भुसावळकडून इकडे आले आणि इकडचेच झाले. शाळा मराठी, पोरं खानदेशी, पण मला सगळी म्हणतात रंभाबेन. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. एवढं सगळं डोक्यात घेऊन सहा-सात वर्षांचं लेकरू वर्गात बसतं आणि आपण त्याला विचारतो, तुला साधं वाचता कसं येत नाही रे?

गजेंद्रसर दुसरीला शिकवतात. पारोळ्याकडचा माणूस. नवीन लागले तेव्हा काय पोरगा होता, अहाहा! पोरांना सांगायचे, घरातून साडीच्या खोक्यांची झाकणं आणा. इथे घरोघरी साड्यांचं काम, झाकणांना काय तोटा? ती कापून त्यांनी सगळी बाराखडी केली होती. फरशीवर अक्षरं पसरायची आणि पोरांनी उड्या मारत शब्द जोडायचे. धुळीने माखायची कार्टी, पण दिवाळीपर्यंत घडाघड वाचायची. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. म्हटलं, हा शाळा चालवतोय की सर्कस?

मग शाळेतून वरच्या ऑफिसला फोटो पाठवायची पद्धत आली आणि तिथे हा माणूस कामातून गेला. आमच्यात फोनमधलं कळणारा एकटा तोच. मोठ्या सरांनी सांगितलं, गजेंद्र, अपलोडचं तू बघ. तेव्हापासून सर अपलोडचंच बघतायत. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. आमच्याकडे कडुलिंबाचं एक रोप आहे कुंडीत. दर पावसाळ्यात पंधरा पोरं त्याला हात लावून उभी राहतात, फोटो निघतो आणि रोप परत ऑफिसच्या कोपऱ्यात. चार वर्षांत चार वेळा लावलंय आम्ही ते, अजून जमिनीला टेकलेलं नाही. हसू नका, त्या फोटोंच्या मागे उभी राहून 'हसा रे बाळांनो' असं ओरडणारी मीच.

तर यंदा दिवाळीच्या सुट्टीला तीन आठवडे असताना, सोमवारी सकाळी भिकन फाटकात उभा. भिकन म्हणजे दुसरीतल्या हर्षदाचा बाप. सचिनच्या औद्योगिक वसाहतीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा तासांची पाळी करतो. पाळी करून थेट आला होता, केसांत, भुवयांत पांढरी रुई तशीच.

"सर," तो म्हणाला, "मन्ही पोर वाचस का?"

"अहो भाऊ, फर्स्ट क्लास वाचते!" सर फोनमधून मान वर न काढता म्हणाले.

भिकन हलला नाही. त्याने मग सगळं सांगितलं. त्याचा मोठा मुलगा आमच्याच शाळेतून पाचवी पास झाला. गावाहून लग्नपत्रिका आली, बापाने कौतुकाने त्याच्या हातात दिली, वाच म्हणाला. पोरगा पत्रिकेवरच्या गणपतीकडे बघत बसला. चार पाहुणे होते घरात. "मी अडाणी, मन्ही बायको अडाणी," भिकन म्हणाला, "पण पोऱ्या पास व्हयेल अडाणी!" आता तो शनिवारी येणार होता. हर्षदाच्या तोंडून चार ओळी ऐकणार. आल्या तर पोरगी शाळेत. नाही तर आईबरोबर घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवेल, निदान हाताला एक काम तरी येईल.

तो मोठा मुलगा पहिलीत माझ्याच वर्गात होता, हर्षदाही. हे मी तेव्हा बोलले नाही. शेंगदाण्याचं कूट खाऊन ठसका लागावा तशी खोकत बाजूला झाले.

"या शनिवारी, काही काळजी करू नका," सर म्हणाले. आणि त्याच सकाळी वरच्या ऑफिसातून परिपत्रक आलं. वाचन सप्ताह! रोज पाच फोटो, चारच्या आत. शेवटी उत्तम वाचक बालकाला प्रमाणपत्र.

मी म्हटलं, वा, बरं झालं! आठवडाभर वाचायचंच आहे, हर्षदाचंही होऊन जाईल. माझ्या अकलेचं बघा.

सोमवारी सरांनी एकोणतीस पोरं व्हरांड्यात गोल बसवली, हातात पुस्तकं दिली. आणि खोटं कशाला बोलू, पोरं वाचायला लागली हो! अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत. हर्षदा पुढेच होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचा एक दात पडलेला. तिचं बोट 'कमळ'वरून 'बदक'वर गेलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. सरांनी फोटो काढून पाठवला. दहा मिनिटांत उत्तर: बालकांचे चेहरे दिसत नाहीत, पुन्हा पाठवावा.

आता वाचणाऱ्या माणसाचा चेहरा पुस्तकात असतो की आणखी कुठे असतो? पण हे विचारायचं कोणी?

"ए, पुस्तकात बघू नका!" सर ओरडले. "वर बघा! सगळ्यांनी वर बघा!"

एकोणतीस माना वर झाल्या. हर्षदाचं बोट 'बदक'वरून घसरलं. फोटो गेला, पलीकडून अंगठा आला. सर खूश, मोठे सर खूश, आणि ती पोरं पुस्तकं मिटून जेवायच्या रांगेत.

हर्षदाचं ते दात पडलेलं हसू फोटोत फार गोड दिसायचं. म्हणून मग प्रत्येक फोटोत हर्षदा पुढे. मंगळवारी झाडाखाली वाचन. शाळेत झाड नाही, म्हणून ती कडुलिंबाची कुंडी आणली आणि पोरांना जवळजवळ पानांत घुसवून बसवलं. बुधवारी आजी-आजोबांसोबत वाचन. पोरांचे आजी-आजोबा गावाकडे, इथे कुठून आणायचे? सर माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, मेल्या, अजून नोकरीत आहे मी! पण घेतला डोक्यावर पदर, घातला चष्मा आणि बसले हर्षदाला मांडीशी घेऊन, आजी म्हणून. तिने पुस्तक छातीशी धरलं, हनुवटी वर केली आणि श्वास रोखला.

"श्वास का कोंडलास गं?" मी हळूच विचारलं.

"हललं की फोटो खराब होतो, बेन," ती ओठ न हलवता बोलली. काय शहाणी पोर! तीन दिवसांत एवढं शिकली. शिकवलं असतं ते सगळं शिकली असती.

गुरुवारी मधूनच हात धुण्याचा दिवस घुसला. नळाला त्या वेळेला पाणी नसतं, म्हणून कोरड्या हातांवर साबण फिरवला. तेवढ्यात मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, परवा भिकनभाऊ येतोय. पोरीकडून एकदा वाचून घ्या."

"घेतो ना बेन. एवढे पाच अपलोड झाले की घेतोच."

शुक्रवारी नेटवर्कने दगा दिला. पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय आणि सर फोन हातात धरून गच्चीवर फिरतायत. शाळा सुटली तरी फिरत होते. मी सरांना शिव्या घालत घरी गेले. पण खरं बोलायचं तर मला कोणी बांधून ठेवलं होतं? माझ्या वर्गात घेऊन बसले असते पोरीला अर्धा तास. पण मी घोषवाक्यांच्या पाट्या रंगवत होते. 'वाचाल तर पुढे जाल' असं लिहीत होते, चांगल्या वळणदार अक्षरात.

शनिवारी सकाळची शाळा. भिकन आला तो धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून. बरोबर बायको शोभाबाई, डोक्यावर पदर, दारातच उभी. बोटांना डिंक वाळलेला. भिंतीवर आठवडाभराचे फोटो छापून लावले होते आणि सगळ्यांत हर्षदा. शोभाबाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं, दाखवलं. बाप फुलला हो नुसता. त्या फोटोंकडे बघून त्याला वाटलं असणार, चार ओळी काय, पोरगी अख्खं पुस्तक वाचेल.

सरांनी हर्षदाला पुढे बोलावलं, पुस्तक दिलं. "वाच बेटा."

हर्षदाने पुस्तक उघडलं, छातीशी धरलं. हनुवटी वर केली. गोड हसली. आणि थांबली.

शोभाबाईने ऐकायला मान पुढे काढली. 

"वाच ना वं माय," भिकन म्हणाला.

ती तशीच. डोळे सरांच्या हाताकडे. फोन खिशात होता, म्हणून ती वाट बघत होती, हे मला कळलं. सरांना अजून कळलं नव्हतं. "वाच की गं, लाजतेस काय!" ते म्हणाले.

हर्षदाने दातांतल्या दातांत विचारलं, "सर, निघाला?"

सरांचा हात खिशाकडे गेला. तिला वाटलं निघाला असणार. तिने श्वास सोडला, पुस्तक मिटलं, मागच्या पोराच्या हातात दिलं, कारण रोज तसंच द्यायचं असायचं. मग धावत जाऊन बापाला बिलगली. "वाचलं, पप्पा!"

"आवाज नही उना," भिकन म्हणाला.

"वाचताना बोलायचं नसतं, पप्पा. पुस्तकात पण बघायचं नसतं. वर बघायचं." किती प्रेमाने समजावलं तिने बापाला! एवढा मोठा माणूस आणि त्याला वाचायचं कसं तेही ठाऊक नाही.

मला वाटलं, आता हा आरडाओरडा करणार. केला असता तर बरं झालं असतं, आम्हीही चार शब्द ऐकवून मोकळे झालो असतो. पण तो भिंतीवरचे फोटो बघत राहिला. मग सरांना म्हणाला, मराठीतच म्हणाला, "सर, आमच्या लूमवर एक दोरा तुटला ना, तरी मशीन आपोआप बंद पडते. दोरा जोडल्याशिवाय पुढे जातच नाही. तुमच्याकडे तसं काही नाही का?"

सरांचा चेहरा असा झाला की कोणी फोटो काढायला नको. ते फाटकापर्यंत मागे धावले. "भाऊ, पंधरा दिवस द्या मला. फक्त पंधरा दिवस!"

"मोठा पोऱ्याले पाच वरीस दिधात, सर," भिकन म्हणाला आणि पोरीचं बोट धरून निघून गेला.

सोमवारी हर्षदाची जागा रिकामी. मंगळवारीही. बुधवारी वरच्या ऑफिसातून लखोटा आला. आमच्या शाळेतून उत्तम वाचक बालक म्हणून निवड: हर्षदा भिकन. सोनेरी किनार, खाली सही, शिक्का. मी ते वाचून हसले. मग जे रडू आलं ना मला, स्टाफरूमचं दार लावून घ्यावं लागलं.

"तुम्हीच द्या नेऊन, बेन," सर म्हणाले. "मला तोंड नाही." मी जायला निघाले तर ते स्टुलावर चढले आणि कपाटावरून एक जुनी पिशवी काढून माझ्या हातात दिली. साडीच्या झाकणांची अक्षरं. धूळ झटकायलाही थांबले नाहीत. "हे पण," म्हणाले, आणि वर्गात गेले. फोन टेबलावर वाजत होता, त्यांनी उचलला नाही. एक दिवस नाही उचलला. गुरुवारचं मला ठाऊक नाही, मी काही त्यांची हमी घेत नाही.

भिकनची एकच खोली. मध्ये खाटेवर साडी ताणून बांधलेली, एका बाजूला शोभाबाई, दुसऱ्या बाजूला हर्षदा. डिंकाचा ठिपका, टिकली, डिंकाचा ठिपका, टिकली. मान खाली, बोट नेमकं. चार दिवसांत असा हात बसला होता की आईला मागे टाकत होती. मान खाली घालून इतकं मन लावून काम करताना ती मला पूर्ण आठवड्यात फक्त एकदा दिसली होती, त्या 'बदका'वर.

मी प्रमाणपत्र दिलं. "काय लिहेल शे यामा?" शोभाबाईने विचारलं. मी वाचून दाखवलं. वाचताना लाज वाटावी अशी शुद्ध मराठी होती ती. शोभाबाई हसलीही नाही, रागावलीही नाही. "तिन्हा बापले नका दखाडा," एवढंच म्हणाली.

हर्षदाने मात्र कागद झडप घालून घेतला. छातीशी धरला, हनुवटी वर, दात पडलेलं हसू. आणि श्वास कोंडून उभी राहिली. माझा हात, सांगायला शरम वाटते, आपसूक पर्समधल्या फोनकडे गेला होता.

तो मी मागे घेतला. फतकल मारून खाली बसले. शोभाबाईला म्हटलं, "पाऊण तास द्या मला रोज, शाळा सुटल्यावर. पोरगी तुमच्यासमोरच बसेल." तिने साडीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि डिंकाची वाटी जराशी सरकवून फरशीवर जागा केली.

पिशवीतून एक अक्षर काढून मी तिथे ठेवलं. झाकणाच्या चकचकीत बाजूवर कुठल्याशा साडीचा अर्धा पदर छापलेला होता.

"ह," मी म्हटलं. "तुझ्या नावातला."

"ह," हर्षदा म्हणाली, आणि तोंड वर करून हसली.

"वर नाही गं माझे माय," मी म्हणाले, "खाली बघ."