बंदरावर बोलणारा टॅब

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि अक्षर तर ओळ सोडून वर चढणारं. पुढेमागे लेकीच्या हाती हे कागद पडले तर तिनं चुका पोटात घालाव्यात. तोंडानं मला हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

ह्यांचं घशाचं ऑपरेशन मुंबईला झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्या आवाजावरच आमचं घर चालत होतं. हे बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचे. होडीतून टोपल्या उतरल्या की हे मध्ये उभे राहायचे, भाव चढवत न्यायचे, आणि चढायचा थांबला की म्हणायचे, "दिली!" एकदा दिली म्हटलं की ती टोपली परत फिरत नाही, मग कुणाचं नुकसान होवो. मासळी विकणाऱ्या बायका ह्यांच्या शब्दावर सकाळी उधारीनं माल उचलायच्या आणि बाजार झाला की पैसे आणून द्यायच्या. कुठं सही नाही, अंगठा नाही.

आता हे पाटीवर लिहायचे आणि मी बोलायची. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, सगळीकडे. परक्या माणसापुढे माझा शब्द घशातच राहतो. मग हे पाटीवर लिहायचे, "मोठ्याने", आणि खाली रेघ मारायचे. मला रडू यायचं. ह्यांनाही येत असणार.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तोवर ठीक होतं. पण होड्यांचे मालक घरी येऊन म्हणाले, "नारळी पुनवेपर्यंत जागा ठेवतो. पुढं दुसरा माणूस बघावा लागेल." वाईट बोलले नाहीत. चहा घेतला, ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गेले.

लेक कॉलेजात आहे. तिनंच फोनवर बातमी दाखवली. एक नवीन टॅब जाहीर झाला होता. "आई, ह्यात लिहिलेलं मराठीत बोलून दाखवायची सोय करता येते. फोनचा आवाज बंदरावर पुरणार नाही. ह्याला चार स्पीकर आहेत."

"केवढ्याला?"

"बावीस हजार."

दोन दिवस मनातच उलटसुलट करत होते. भाकरी थापताना एकेक गोष्ट लेकीला विचारायची. कॅमेरा मोठा आहे म्हणे, त्याचं काय करायचं? सिम घालायचा महाग, बिनसिमचा स्वस्त, मग नेट नसताना तो बोलेल का? बोलेल, म्हणाली, आवाज आधी घालून ठेवला की बोलेल. मग सिमचा नको. पेन वेगळं विकत मिळतं, तेही नको, बोट आहे. बॅटरी दुपारपर्यंत पुरली म्हणजे झालं. ह्याच कंपनीचा मागच्या वर्षीचा तेरा हजारांना मिळत होता, पण त्याला दोनच स्पीकर. म्हणजे नऊ हजारांत काय जास्त मिळणार, तर आवाज. तेवढाच तर हवा होता.

तरी तो जुना बघून यावं म्हणून आम्ही मायलेकी बाजारपेठेत गेलो. दुकानदारानं गाणं लावलं. "ऐका वहिनी, किती दणदणीत!"

दुकानात दणदणीतच वाटत होतं. माझ्या मनात होतं ते ओठांवर येईना. लेकीनं कोपरानं ढोसलं.

"जरा बाहेर लावाल? रस्त्यावर?"

"रस्त्यावर? घरात नाय लावणार का?"

"बंदरावर लावायचाय."

तो हसला, पण भला माणूस, बाहेर आला. मी रस्ता ओलांडून रिक्षावाल्यांजवळ जाऊन उभी राहिले. सगळे बघत होते आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तेवढ्यात एसटी आली आणि गाणं कुठल्या कुठं गेलं. मी परत आले. "हा नको," म्हटलं.

"मग नवीन. पण तो अजून आलेला नाय. पैसे भरून बुक करायचा, न बघता. माझं ऐकाल तर गणपतीपर्यंत थांबा, दोनेक हजार कमी होतील."

गणपती पुनवेच्या पुढं होते. थांबून चालणार नव्हतं.

घरी सांगितल्यावर ह्यांनी पाटी ओढली. "पत्रे गळतात. आधी पत्रे." मी मान हलवली. मग लिहिलं, "माझी बोली दहा हजार." मी खडू घेतला आणि खाली लिहिलं, बावीस. ह्यांनी बारा लिहिलं. मी पुन्हा बावीस. हे हसले, नुसते खांदे हलले, आवाज कुठला. किती महिन्यांनी हसले. मग पाटी पुसून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मी तो होकार धरला.

पैसे काकींकडे मागितले. काकी म्हणजे मासळी विकणाऱ्या बायकांत सगळ्यांत जुन्या. दारात जाऊन किती वेळ उभी होते कोण जाणे.

"काय गो, दाराला टेकू द्यायला आलीस?"

मी कसंबसं सांगितलं. त्यांनी तोंडातलं पान थुंकलं. "तुज्या घोवाच्या शब्दावर आमी येवढी वर्षं माल उचलतंव. आता येकदा त्यानं आमच्या शब्दावर उचलावा." त्यांनी आणि आणखी काही बायकांनी मिळून पैसे दिले. हे पुकारायला लागले की रोजच्या दलालीतून फेडायचे, असं ठरलं. आणि पुकारता आलं नाही तर? ते कुणी विचारलं नाही. मी मात्र रोज विचारत होते, मनात.

टॅब पुनवेच्या आधी आला. होड्या सुटल्या त्या पहिल्या दिवशी मीही बंदरावर गेले. लेकीनं आकड्यांची बटणं करून दिली होती, आणि एक मोठं हिरवं, "दिली"चं. बांगड्याची टोपली उतरली. ह्यांनी बोट लावलं आणि टॅब बोलला, "दोन हजार रुपये." स्वच्छ, शहरी, बातम्या देणाऱ्या माणसासारखा.

"अरे, ह्यो कोन सायेब आनलास?"

"बातम्या संपल्या की हवामान पन सांग रे बाबा!"

सगळे हसले. पण आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला होता. बोली चढायला लागली, हे बटणं दाबत होते, आणि तेवढ्यात कुणीतरी शेजारची टोपली आपटली. पाणी उडालं. थेंब काचेवर पडले, आणि कुणी बोट न लावता टॅब बोलला, "दिली!"

शेवटची बोली काकींची होती. टोपली निम्म्या भावात गेली.

होडीवाला ओरडला, "हे खोटं! यंत्र बोललं, हा नाय बोलला!"

सगळे ह्यांच्याकडे वळले. हे काचेकडे बघत राहिले. यंत्र चुकलं एवढं खुणेनं सांगितलं असतं तरी सगळ्यांनी मानलं असतं. माझीही तीच इच्छा होती, कारण ती 'दिली' खरी धरली तर कमी पडलेले पैसे आमच्या दलालीतून भरून द्यावे लागणार होते. ह्यांनी शर्टानं काच पुसली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि बोटानं ते हिरवं बटण दाबलं.

"दिली!"

काकींनी टोपली ओढून घेतली. नको म्हटलं नाही, दया दाखवली नाही. होडीवाला पुढची टोपली सरकवत म्हणाला, "दुसरी घ्या." त्यानंतर त्या आवाजाला कुणी साहेब म्हटलं नाही.

तेव्हापासून मी रोज बंदरावर जाते. हातात कोरडं फडकं घेऊन ह्यांच्या शेजारी उभी राहते आणि काच पुसते. गर्दीत उभं राहायची सवय झाली. पत्रे अजून तेच आहेत.

गणपती गेले, दिवाळी गेली. फेड थोडी थोडी चालू होती. थंडीत एकदा जाळ्यात सुरमई बरी लागली, त्या दिवशी शेवटचे पैसे मी काकींच्या हातावर ठेवले. त्यांनी मोजले, वाटे केले, आपले कमरेला खोचले.

"फिटले गो," म्हणाल्या, आणि ह्यांच्याकडे वळल्या. "पुकार रे. बर्फ वितळतोय."