पटावरची कोरी चौकट

दुपारचा वारा फिरला, की श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजातल्या संगणकाच्या खोलीत मळीचा आंबूस-गोड दर्प शिरतो. साऱ्यांचे रुमाल नाकाशी जातात. मी मात्र खोल श्वास घेते. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, शेवगावकडच्या आमच्या घराला कुलूप लागलं आणि आई-वडील कुणाच्या तरी उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी घालून राहिले, हे सारं मला त्या वासात कळतं!

मी मराठीची विद्यार्थिनी. डेटा सायन्सच्या या वर्गात भाषा विषयाची मी एकटीच. सुटीत सगळे घोळक्यानं चहाला जातात, मी पडद्यासमोर बसून राहते. मला एकटं वाटतं, फार एकटं वाटतं. त्याला अलंकार चढवून काय उपयोग? सुरुवातीला पडद्यावर लाल अक्षरांत चूक उमटली, की यंत्रही आपल्यावर खेकसतंय असं वाटून डोळे भरून यायचे.

मग मॅडमनी आपापल्या गावची माहिती आणून तिचा आलेख काढायला सांगितला. पुढच्या वर्गातला प्रवेश त्यावरच ठरणार होता. गावच्या गुरुजींनी मला जुना हजेरीपट दिला, मी सहावीत होते त्या वर्षाचा. मी एकेक नाव संगणकात भरलं आणि शिकवल्याप्रमाणे, ज्या ओळींत जागा रिकाम्या होत्या त्या ओळी एका आज्ञेसरशी काढून टाकल्या. काय देखणा आलेख आला! सगळी मुलं जणू बारमाही हजर. मॅडमनी वर्गासमोर कौतुक केलं. त्या आनंदाच्या भरात मी यादीत स्वतःचं नाव शोधलं, तर ते नव्हतंच.

दिवाळी झाली की आम्ही मुलंही आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जायचो, ते गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचो. त्या महिन्यांत गुरुजी आमची गैरहजेरी मांडत नसत. पटावरून नाव कमी होऊ नये म्हणून चौकट कोरीच ठेवत. केवढी माया होती त्या कोरेपणात! आणि त्याच मायेवर इथवर पोचलेली मी तिला उणीव समजले? अर्धी वस्ती मी एका बोटानं पुसली होती, स्वतःसकट. मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "आमी हाय हिकडं बरे. तू येळंवर जेवती का न्हाई?" तिला पटाचं काय सांगणार? मी नुसतं "व्हय" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी साऱ्या ओळी परत आणल्या. आलेख दिवाळीनंतर कोसळला आणि पाडव्याला कसाबसा सावरला. मॅडम आता काय म्हणतील, प्रवेश मिळेल की हुकेल, ठाऊक नाही. पण मी एक रकाना वाढवला, 'कुठे होती?' असा, आणि माझ्या नावापुढे लिहिलं, 'आईसोबत'.

खिडकीतून आत्ताही तोच वास येतो आहे. यंदा माझी एकही चौकट कोरी नाही, रोज हजर आहे मी इथे. तिकडे कोपीत, आईच्या शेजारी, माझी जागा तेवढी रिकामी आहे.