टोकापर्यंत फिरवलेलं चाक

कॅमेरा विकायला येणारा माणूस खरं कारण कधी सांगत नाही. ही माझी बावीस वर्षांची अक्कल आहे आणि फुकट देतोय, घेऊन टाका. जुने कॅमेरे विकत घ्यायचे, तपासायचे, पुसायचे आणि पुन्हा विकायचे, हा माझा धंदा. लोक मला भिंगवाला म्हणतात. समोरचा गडी महागडा कॅमेरा काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "जड होतो हो फार." जड कसला डोंबलाचा! घरी बायकोनं सांगितलेलं असतं, एक तर हा राहील नाहीतर मी. दुसरा म्हणतो, "नवीन मॉडेल आलंय, त्याचा फोकस जोरदार आहे." फोकस जोरदार आहे रे बाबा, पण नाचता येईना अंगण वाकडं, त्याला मॉडेल काय करणार? एकानं तर शपथेवर सांगितलं, पाच हजारच फोटो काढलेत. आता शटरचा पडदा किती वेळा उघडला त्याची नोंद कॅमेरा स्वतःच्या पोटात ठेवतो. मी आकडा काढून दाखवला, दोन लाख दहा हजार. तर म्हणे, "धाकट्या भावानं काढले असतील." भाऊ काय झोपेत काढत होता?

हे मी हसत हसत सांगतो. पण एका कॅमेऱ्यानं मला असा धडा दिला की अजून त्या गृहस्थाची आठवण निघाली की मान वर होत नाही. गृहस्थाची नाही, बाईची.

मैदानावर तिला सगळे नेमबाज म्हणायचे. वय चोपन्न. एका दैनिकासाठी फुटबॉलचे फोटो काढायची. मूळची त्याच दैनिकात टंकलेखनाला लागलेली. एकोणिसाव्या वर्षी एकदा फोटोग्राफर आजारी पडला, कपाटातला कॅमेरा हिनं उचलला आणि न विचारता मैदानावर गेली. संपादक ओरडला खरा, पण दुसऱ्या दिवशी तिचाच फोटो छापला. तेव्हापासून रेषेबाहेर रंगाची रिकामी बादली उपडी घालून ती बसलेली दिसायची, गुडघ्यांना पट्टे, तोंडात शिव्या. पंचाला, खेळाडूला, मध्ये येणाऱ्या छत्रीवाल्याला, कुणाला सोडायची नाही. फोटो काढताना डावा डोळा गच्च मिटायचा, उजवा कॅमेऱ्याला. पस्तीस वर्षं मिटून मिटून डाव्या डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं झालं होतं. उजव्याला एकही नाही.

गेल्या वर्षी ती दुकानात आली आणि कॅमेरा असा आदळला की काउंटरची काच वाजली.

"घे हा. फोकस गेलाय याचा. चांगला मागून घेतला होता, दोन वर्षांत मेला."

"बघतो ना, ताई. तुम्ही बसा तरी."

"बसायला नाही आले. दुसरा दाखव."

मी कॅमेरा मागच्या खोलीत नेला. भिंतीवर मी बारीक रेघांचा कागद चिकटवलाय, त्यावर पाच फोटो काढले. रेघ न् रेघ मोजून घ्यावी असे स्वच्छ! कॅमेरा ठणठणीत होता. एकच गोष्ट वेगळी दिसली. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक छोटं चाक असतं, आपापल्या नजरेप्रमाणे फिरवायचं, म्हणजे आतलं चित्र स्पष्ट दिसतं. ते चाक तिनं टोकापर्यंत फिरवलेलं होतं. पुढे जायला जागाच नव्हती. मी ते पाहिलं. नखानं पुन्हा मधोमध आणलं, कॅमेरा पुसला आणि बाहेर येऊन म्हणालो, "हो, जरा गडबड वाटतेय खरी."

का म्हणालो? गिऱ्हाईकाशी वाद कोण घालणार! त्यात तिची जीभ. तिला नवा हवा होता, माझ्याकडे होता, मी दिला. तिचा जुना महिन्याभरात दुसऱ्याला विकला आणि त्याची आजवर एक तक्रार नाही.

या वर्षी, अंतिम सामन्याच्या बरोबर तीन आठवडे आधी, ती परत आली. या खेपेला आदळआपट नाही. कॅमेरा हळूच ठेवला.

"हाही तसलाच निघाला रे," ती म्हणाली. "तीन रविवार झाले, फोटो धूसर येतायत. आमच्या क्रीडा संपादकानं आज बोलावून सांगितलं, अंतिम सामना तुझाच, पण तिथंही हेच झालं तर पुढच्या मोसमापासून दुसरा माणूस. माझ्या तोंडावर, बरं का! ज्याला मी पेन्सिल धरायला शिकवली." मग म्हणाली, "मला दुसरं काही येत नाही. येत असतं तरी केलं नसतं. मला सगळ्यात चांगला कॅमेरा दे, घर गहाण टाकायला लागलं तरी चालेल."

मी कॅमेरा हातात घेतला आणि आधी ते चाक पाहिलं. टोकापर्यंत.

"फोटो दाखवा बघू, ताई."

तिनं दाखवले. चेंडू घेऊन धावणारा पोरगा धूसर, आणि त्याच्या मागची जाहिरातीची पाटी इतकी स्वच्छ की फोन नंबर वाचता येत होता. दुसरा, तसाच. तिसऱ्यात मागे बसलेल्या म्हाताऱ्याच्या मिशा मोजता येत होत्या. कॅमेरा बिचारा सांगितलेलं काम चोख करत होता. फोकसचा ठिपका प्रत्येक वेळी माणसाच्या वीतभर उजवीकडे पडत होता, कारण ठेवणारीला माणूस नीट दिसत नव्हता.

आता मात्र मी तोंड उघडलं. "ताई, कॅमेरा चांगला आहे. तुमचा उजवा डोळा बघून घ्या."

बाप रे! अशी भडकली की रस्त्यावरचे दोघे आत डोकावून गेले. "माझ्या डोळ्याला नावं ठेवतोस? अरे, तू दाढी करायला शिकत होतास तेव्हा मी हवेतला चेंडू टिपत होते! रस्ता दिसतो मला, पेपर वाचता येतो, तुझं हे मख्ख थोबाडही दिसतंय!"

"दोन्ही डोळे उघडे ठेवून दिसतं. डावा झाका आणि खिडकीच्या गजांकडे बघा."

"बघते. आणि मग तुझ्याकडे बघते."

तिनं तळहातानं डावा डोळा झाकला. माझ्या दुकानाच्या खिडकीला सहा उभे गज आहेत. ती बघत राहिली. हात काढला, पुन्हा झाकला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मधले दोन गज वाकलेले आहेत का रे?"

"नाही, ताई. सरळ आहेत."

ती खाली बसली. इतक्या वर्षांत माझ्या दुकानात पहिल्यांदा बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढत होतो तेव्हा ती पायरीवर उभीच होती. आदल्या संध्याकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध बारीक छिद्र पडलंय म्हणे. आता शस्त्रक्रिया केली तरी बारीक दिसणं परत येईल याची खात्री नाही. डावा डोळा मात्र उत्तम.

"डॉक्टर आणखी एक म्हणाली," ती म्हणाली. "वर्षभरापूर्वी आला असतात तर बरंचसं वाचलं असतं. आता तू मला एक सांग. गेल्या वर्षी मी आधीचा कॅमेरा दिला, तो तू तपासला होतास?"

खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"तपासला होता."

"मग?"

"ठणठणीत होता. हे चाकही असंच फिरवलेलं होतं. मला दिसलं होतं, ताई. पण डोळ्यापर्यंत माझं डोकं गेलं नाही, आणि जावं म्हणून मी जोरही लावला नाही. गिऱ्हाईक आलंय, नवा कॅमेरा जातोय, मला तेवढं पुरलं."

मला वाटलं, आता ही दुकान डोक्यावर घेणार. घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली, दोन्ही डोळ्यांनी, आणि माझी मला इतकी लाज वाटली की कुठं बघावं कळेना. शेवटी तिनं माझ्या पोटाकडे बोट दाखवलं.

"पळता येतं का तुला?"

"काय?"

"उजवा गेला तर गेला, डावा आहे ना? पण त्याला काही येत नाही. पस्तीस वर्षं नुसता झोपलाय मेला. त्याला शिकवायला समोर पळणारा माणूस लागेल. उद्या सहा वाजता, मागच्या गल्लीत. चेंडू घेऊन ये."

शस्त्रक्रिया सामन्यानंतर करायची असं तिनं डॉक्टरशी भांडून ठरवून घेतलं. गेल्या वर्षी नेलेला कॅमेरा माझ्याकडे ठेवून त्याच्या बदल्यात एक नव्या पद्धतीचा हलका कॅमेरा तिनं घेतला. त्याच्या खिडकीत काचेतून नाही, छोट्या उजळ पडद्यावर दिसतं, आणि ठिपका बोटाच्या स्पर्शानं मागच्या पडद्यावरून हलवता येतो. यात मी एक पैसा कमावला नाही, एवढं तरी म्हणू द्या.

दुसऱ्या दिवसापासून मी पळायला लागलो. शाळेची भिंत आणि गोदाम यांच्यामधली गल्ली, टोकाला शिंप्याचं दुकान, सकाळी माणूस नाही काणूस नाही. नव्वद किलोचा मी आणि पायात चेंडू! "सरळ काय पळतोस म्हशीसारखा, वळ की!" ती बादलीवरून ओरडायची. पहिल्या दिवशी मी दोनदा पडलो. घरी गेलो तर आमची ही म्हणाली, "या वयात कुणाच्या मागे पळताय?" मी सगळं सांगितलं, वर्षभरापूर्वीचंही. दुसऱ्या दिवशी तिनंच मला पावणेसहाला उठवलं.

आणि नेमबाज? उजवा डोळा मिटायचं तिला जमेना. पापणी थरथरायची, मग ती तो हातरुमालानं बांधायची. कॅमेरा सवयीनं उजव्या डोळ्याकडेच जायचा. ती स्वतःला अशा शिव्या घालायची की खेळाडूंनाही कधी घातल्या नसतील. पण एक दिवस चुकवला नाही. पोटऱ्या सुजल्या म्हणून मी एकदा उशिरा गेलो, तर ती गल्लीतल्या कुत्र्यांवर सराव करत होती.

दहाव्या दिवशी वेगळंच झालं. डोळा बसला होता, हात बसला होता आणि फोटो मात्र पुन्हा धूसर. मी धूसर, मागची शिंप्याची पाटी स्वच्छ. एक नाही, चाळीस फोटो तसेच. ती फोटो बघत राहिली. चेहरा पांढरा पडला.

"हाही गेला का रे?"

तिला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला पळून धाप लागली होती. मी तिच्या हातातून कॅमेरा घेतला, उलटसुलट केला. मागच्या पडद्यावर तेलकट डाग होता. कडेला, बोट लागतं तिथं नाही, बरोबर मध्ये.

"कॅमेरा डोळ्याला लावा, ताई."

तिनं लावला. डावा डोळा खिडकीला, आणि नाक थेट पडद्यावर! उजव्या डोळ्यानं फोटो काढणाऱ्याचं नाक पडद्याच्या बाहेर राहतं. डाव्याचं पडद्यावर टेकतं. कॅमेऱ्याला वाटत होतं बोट लागलं, तो दर वेळी ठिपका सरकवत होता. बावीस वर्षं कॅमेरे विकतोय, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

"डोळा नाही गेला, तुमचं नाक चोंबडेपणा करतंय!"

मी तो पडदा ओढून उलटा फिरवला, काच आत, प्लॅस्टिक बाहेर. आता टेक म्हणावं नाक. ती हसली नाही. डोळे पुसले, ओढणीनं नाकही पुसलं आणि म्हणाली, "पळ."

अंतिम सामन्याला मी दोरीमागे उभा होतो. खेळात माझं लक्ष नव्हतं, मी बादलीकडेच बघत होतो. ऐंशी मिनिटं कुणाचाच गोल नाही. मग एक उंच चेंडू आला, तिघं एकदम उसळले, आणि तिचा उजवा डोळा गच्च मिटला. थरथर नाही, रुमाल नाही. मैदान ओरडलं. ती ओरडली नाही.

सकाळचा पेपर मी दारातच उघडला. पहिल्या पानावर अर्धं पान फोटो. डोक्याला चेंडू लागण्याच्या क्षणीचा पोराचा चेहरा, भुवईवरचा घाम थेंबाथेंबानं दिसत होता. मागची पाटी धुक्यात. मी माझ्या दारात उभा राहून रडलो, खोटं कशाला सांगू.

दहा वाजता ती दुकानात आली. पेपर काउंटरवर पसरला.

"मागची पाटी वाचता येते का?"

"एक अक्षर नाही."

"संपादकाचा फोन आला होता. पुढचा मोसम माझा." सगळं दुकान हिचंच असल्यासारखी ती खुर्ची ओढून बसली. मी मनात पंधरा वेळा घोकलेलं वाक्य शेवटी काढलं.

"ताई, आता तरी मला माफ केलंत का?"

तिनं विचार केला. खरंच केला, उगाच नाही. खिडकीच्या गजांकडे बघितलं, एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं.

"नाही," ती म्हणाली. "करीन असंही सांगत नाही."

मी मान हलवली.

"पण उजवीकडून येणारा माणूस मला अजून उशिरा दिसतो," ती उठत म्हणाली. "शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. तोवर तीन दिवस मिळतात. उद्या सहाला ये. उजवीकडून."

"येतो," मी म्हणालो, आणि काउंटरखालचे बूट बाहेर काढून वाळत ठेवले.