देवीला वाहिलेले मौन

आमच्या मुलीला ऐकू येत नाही, हे आम्हांला नागपूरला एका मंगळवारी कळले. ती तेव्हा अडीच वर्षांची होती.

तोवर आम्ही निर्धास्त होतो. दार आपटले की ती दचके, ढोल वाजला की वळून पाही. बोलत नसे, पण माझी आई म्हणे, "बाप बी उशिराच बोलला होता." डॉक्टरबाईंनी कागदावर कान काढून समजावले. बाहेरच्या किंवा मधल्या कानात मळ, पाणी, पू साचला की आवाज वाटेत अडतो. तो दोष बहुधा उपचाराने सुधारतो. आतल्या कानात किंवा नसेत बिघाड असला तर तो सहसा भरून येत नाही. काही मुलांत दोन्ही असतात. आमच्या मुलीचा दोष आतल्या कानाचा होता. मोठे आवाज पोचत, बोलणे पोचत नव्हते. कारण विचारले तर त्यांनीच आम्हांला विचारले: घराण्यात कुणाला आहे का, गरोदरपणी अंगावर पुरळ येऊन ताप आला होता का, बाळ उशिरा रडले का, कावीळ वाढली होती का, मेंदूज्वर झाला होता का, कानांना बाधणारी जबर इंजेक्शने दिली होती का. आमचे प्रत्येक उत्तर नाही असे होते. "पुष्कळदा कारण सापडत नाही," त्या म्हणाल्या.

गावाहून आलेल्या माझ्या आईला मात्र ते सापडले होते. गरोदरपणी सुनेने ग्रहणात भाजी चिरली होती. आई हे एकदाच बोलली आणि गावी परतली. दुसऱ्या दिवशी पत्नीने देवीला मौन वाहिले: पोर "आई" म्हणेल तेव्हाच बोलेन.

श्रवणयंत्र आले. यंत्र आवाज देईल, शब्द घरच्यांनी द्यायचे, आईने दिवसभर बोलत राहायचे, हे वय निघून गेले की भाषा येणे अवघड, असे डॉक्टरबाईंनी बजावले होते. मी दिवसभर शाळेत शिकवायला. गोंदियाजवळ कुडव्याच्या आमच्या घरी मुलीच्या कानाला यंत्र आणि समोर न बोलणारी आई. मी ग्रहणाविषयी वाचलेले सारे पत्नीला सांगितले, रागावलोही. नवस मोडला तर पोरीचे उरलेले ऐकणेही जाईल, असे तिने पाटीवर लिहून दाखवले. त्या दिवसांत माझी प्रार्थनाही सुटली होती.

नवरात्रात पत्नी हट्टाने निघाली, म्हणून मुलीला घेऊन डोंगरगडला देवीच्या दर्शनाला गेलो. पायऱ्यांवर अर्ध्यात सावलीला बसलो. शेजारी बसलेली एक म्हातारी पत्नीशी बोलू लागली. उत्तर येईना तेव्हा मला म्हणाली, "काऊन जी, बाई रुसली का तुमच्यावर?" मी सारे सांगितले. ती पत्नीकडे वळली.

"देवीले तुही जीभ कायले पाहिजे वं? पोरीले पाहिजे."

पत्नी रडू लागली.

"नवस मोडाचा नाही ना? नको मोडू. मले दे. माह्या घरी बोलाले हाय कोण? भिताडासंगं बोलतो मी."

तिने पत्नीच्या ओंजळीत पाणी ओतले आणि दान घेतात तसे ते आपल्या ओंजळीत घेतले. "घेतलं," म्हणाली. मी तिचे नाव, गाव विचारले. तिने ओठांवर बोट ठेवले, हसली आणि पायऱ्या चढू लागली. वर गर्दीत ती दिसली नाही.

पत्नी मुलीचे यंत्र नीट बसवून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "चाल, देवी पाहू." मुलगी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली.

त्यानंतर पत्नी भाकरी थापताना, अंगण झाडताना, सतत मुलीशी बोलत राहिली. मुलीचा पहिला शब्द "भात" होता. पत्नी खूप हसली. "आई" यायला आणखी काही महिने गेले. तो शब्द आला तेव्हा तिने आधी हात जोडले. म्हणाली, "म्हातारी मोकळी झाली."

ती बाई कोण होती, हे मी शोधले नाही. का ते न कळताही मिळालेले घेता येते, आणि जे आपल्याने उचलत नाही ते दुसऱ्याच्या ओंजळीत देता येते, एवढे मला त्या पायऱ्यांवर समजले. प्रार्थना मी पुन्हा सुरू केली. तीत आता मागणे नसते.

पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी गोंदियाला कॉलेजात जाते. तिचे बोलणे नवख्या माणसाला लगेच कळत नाही. मला कळते.